चौथी भाषा

माझ्या नोकरीच्या अर्जात मला चार भाषा येतात असं लिहिलेलं होतं. मला तीनच येत होत्या. चौथी माझ्या मित्राची होती. त्याच्या अर्जात ती आली नाही आणि माझ्या अर्जात आली, आणि या दोन्ही गोष्टी माझ्याच हातून, एकाच मशीनवर टाईप झाल्या. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्राला तर नाहीच.

आणीबाणीच्या आधीची दोन-तीन वर्षं मी आर्वीत होतो. घर नाचणगावचं, शेतीतलं. बी.ए. झालो तेव्हा घरच्यांना वाटलं, आता पोरगा खुर्चीवर बसणार. खुर्ची काही कुठे दिसेना. वर्ध्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घालून ठेवलं होतं, त्या कार्डावर मुदतवाढीचे शिक्के मारायलाही जागा उरली नव्हती. मग आर्वीच्या एसटी स्टँडजवळच्या टायपिंग क्लासात शिकायला लागलो, आणि शिकून झाल्यावर तिथेच चिकटलो. लोकांचे अर्ज टाईप करून द्यायचे, त्या बदल्यात स्वतःचे अर्ज फुकट टाईप करायचे, असा आमच्या सरांशी ठराव होता.

सर नागपूरकडचे. निम्मं हिंदी, निम्मं मराठी बोलायचे. बायोडाटा हा त्यांचा खास विषय. कोणी वहीच्या फाटक्या पानावर माहिती लिहून आणली की ते पान दोन बोटांत धरून म्हणायचे, "ये क्या है? लग्नाला जाताना तोंड धुऊन जाता ना? मग साहेबासमोर असं पारोसं काऊन जाता?"

त्यांचे नियम पक्के होते. डावा समास दहा घरं. एकच पान. खाडाखोड एकही नको, एक अक्षर चुकलं तरी कागद बदलायचा. रिकामा रकाना ठेवायचा नाही. "रिकामा रकाना म्हणजे पुढचा दात पडलेला माणूस. हसला की तेच दिसतं." आणि शेवटचा नियम, जो ते बोट उगारून सांगायचे: "कागद आणि तोंड एक पाहिजे. कागदावर आहे तेच तोंडावर. जास्ती नाही, कमी नाही."

हे नियम मी इतके घोटले की पुढे गिऱ्हाइकांना मीच सांगायला लागलो. साधे, चांगले नियम होते. फक्त त्यांनी नोकरी लागत नव्हती. मी किती अर्ज पाठवले ते आता आठवत नाही. उत्तर आलंच तर छापील चिठ्ठी यायची. प्रत्येक जागेला अनुभव पाहिजे. अनुभव यायला नोकरी पाहिजे. हे कोणाला सांगायचं? त्या वेळी झेरॉक्स आमच्याकडे पोचलं नव्हतं. प्रत्येक अर्जासोबत मार्कशीट पुन्हा अक्षर न् अक्षर टाईप करायची, खाली 'ट्रू कॉपी' लिहायचं आणि राजपत्रित अधिकारी शोधत फिरायचं. तहसीलदार दौऱ्यावर, डॉक्टर रजेवर. शेवटी उरायचे ते ढोरांच्या दवाखान्यातले साहेब.

त्या दवाखान्याबाहेर निंबाखाली मी आणि तो कितीदा बसलो असू. तो म्हणजे माझा हा मित्र. कॉलेजात माझ्या वर्गात, पण वयानं चार-पाच वर्षं मोठा. आर्वीच्या पलीकडे जंगलाला लागून त्याचं गाव. गोंडाचं घर. बाप जंगलकामावर मजूर. मध्ये शिक्षण सुटलेलं, मग वसतिगृहात राहून पुन्हा धरलेलं. लग्न झालेलं, दोन वर्षांची पोरगी होती. मला नोकरी नसली तर नाचणगावात ज्वारी होती. त्याला नोकरी नसली तर बायकोला घेऊन जंगलात कूप तोडायला, म्हणजे लिलावातली झाडं पाडायला, जावं लागत होतं. आमच्या दोघांत हा फरक होता आणि तो मला तेव्हाही ठाऊक होता.

एकदा साहेब एका गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून उभे होते आणि आम्ही मार्कशीटा घेऊन बाजूला. हात धुऊन, ओल्या बोटांनीच त्यांनी सह्या केल्या, शिक्का मारला. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "काय बे, आपल्या मार्कशीटवर ढोराच्या डॉक्टरचा शिक्का. तिकडचा साहेब म्हणीन, बैल बी.ए. झाला का काय?"

मी हसलो नाही. मला त्या दिवसांत कशाचंच हसू येत नव्हतं. तो मात्र हसू शकत होता, याचाही मला राग यायचा.

सुटीत मी त्याच्या घरी जायचो. घरात सगळे गोंडी बोलत. मी आलो की मराठीत यायचे, पण त्याची माय विसरायची. दारात पाय ठेवला की तिचं एक ठरलेलं वाक्य असे, बस आणि पाणी पी अशा अर्थाचं. ते वाक्य मला तिच्या हेलासकट पाठ झालं होतं. एर म्हणजे पाणी. असे वीस-पंचवीस शब्द मी उचलले. मी बोललो की त्याची चिमुरडी पोरगी खदखदून हसायची आणि तो म्हणायचा, "तुया तोंडात थे बसतच नाई. राहू दे, बाप्पा. भाषा वाकडी होऊन राह्यली."

त्याचा बायोडाटा मीच बसवून दिला. 'बसवून' हा आमच्या क्लासातला शब्द. दागिन्यात खडा बसवतात तसा. नाव, बापाचं नाव, पत्ता, शिक्षण, सगळं नीट बसलं. मग आला भाषांचा तक्ता. त्याला तीन उभे रकाने: वाचता, लिहिता, बोलता.

"मराठी, हिंदी, इंग्रजी," मी म्हटलं. "झालं?"

"गोंडी टाकतं का?" तो हळूच म्हणाला.

"वाचता येते?"

"थिले कुठं लिपी हाय वाचाले? आमच्या घरी तं कोणालेच नाई येत वाचता."

"मग दोन रकाने रिकामे राहतात ना. तीन ओळी भरलेल्या आणि खाली ही अशी बोडकी. दिसणार कशी?"

त्यानं मशीनवरच्या कागदाकडे पाहिलं. "खरं हाय तुयं. घरची बोली थे का भाषा असते? साळंत शिकवते थे भाषा. सोडून दे."

मी सोडून दिलं. इथपर्यंत माझ्या मनात पाप नव्हतं. शपथ घेऊन सांगू शकतो. मला खरोखरच ते पान सुबक हवं होतं. आज विचार केला की त्या सुबकपणाचीच चीड येते. माणसाला आईच्या दुधापासून जी येते ती भाषा तक्त्याला शोभत नाही म्हणून आम्ही दोन बी.ए. झालेल्या माणसांनी काढून टाकली, आणि कागद छान दिसतो म्हणून एकमेकांकडे बघून मान हलवली. कार्बन घालून पाच प्रती काढल्या. त्यानं पाचांवर सह्या करून ठेवल्या, लागेल तेव्हा मी पाठवायच्या म्हणून.

पाप पुढे आहे.

क्लासात नागपूरचं इंग्रजी वर्तमानपत्र एक दिवस शिळं यायचं. त्यात एका संस्थेची जाहिरात आली. गावोगाव फिरून लोकांच्या आरोग्याची पाहणी करायची, फॉर्म भरायचे. बी.ए. चालेल, अनुभवाची अट नाही. अनुभवाची अट नाही, हे शब्द मी बोट ठेवून तीनदा वाचले. जागा एकच. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, एक ओळ: गोंडी जाणणाऱ्यास प्राधान्य.

तो दुपारी आला. मी त्याला जाहिरात वाचून दाखवली. त्याचं इंग्रजी परीक्षेपुरतंच, म्हणून इंग्रजीतून मराठी करत, एकेक ओळ. खालच्या ओळीपाशी येऊन थांबलो.

"अजून काय लिहिलं हाय?" त्यानं विचारलं.

"बाकी नेहमीचंच," मी म्हटलं. पेपर घडी करून सरांच्या टेबलाखालच्या रद्दीत ठेवला.

एवढंच. यात आरडाओरडा काही झाला नाही. 'बाकी नेहमीचंच' हे मी जसं रोज म्हणायचो तसंच म्हटलं.

"मग माया तयार हाय थोच पाठवून दे," तो म्हणाला. "अन् तुया?"

"मी पण टाकतो."

"टाक ना गड्या. दोघातून एकाले तं लागीन."

त्याचा जुना कागद मी पाकिटात घातला. नवा टाईप करायला दहा मिनिटं लागली असती. ती दहा मिनिटं मी माझा कागद नव्यानं टाईप करायला वापरली. मराठी, हिंदी, इंग्रजी. चौथी ओळ गोंडी. वाचता: नाही. लिहिता: नाही. बोलता: होय. त्याच्या कागदावर बोडकी दिसणारी ओळ माझ्या कागदावर मला चांगली भरलेली दिसली. सरांनी कागद पाहिला, समास पाहिला, आणि म्हणाले, "बढिया."

दोघांनाही वर्ध्याला बोलावणं आलं. एकाच एसटीनं गेलो. माझा नंबर त्याच्या आधी लागला. आत तीन जण बसले होते. जाड चष्म्याचे एक म्हातारे गृहस्थ माझा कागद डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "गोंडी? तुम्ही कुठे शिकलात?"

"मित्राच्या घरी."

हे त्या दिवशी मी बोललेलं एकमेव खरं वाक्य.

"जरा बोलून दाखवा."

मी त्याच्या मायचं वाक्य बोललो. तिच्याच हेलात, शेवट वर उचलून. वर आणखी दोन-तीन शब्द फेकले. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यापैकी कोणालाच गोंडी येत नव्हती. "छान," म्हातारे गृहस्थ म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

बाहेर आलो. तो बाकावर बसला होता, फाईल मांडीवर, दोन्ही हात फाईलवर. "काय इचारलं बे?"

"नेहमीचंच," मी म्हटलं. आणि तो आत गेला.

मला कळत होतं की अजून वेळ आहे. दाराशी त्याचा दंड धरून म्हणता आलं असतं, अरे, गोंडीचं विचारतील, सांग. मी बाकावर बसून राहिलो. बाकाच्या लाकडावर कोणीतरी पेनानं स्वतःचं नाव कोरलं होतं, ते वाचत राहिलो.

स्टँडकडे चालताना त्यानंच सांगितलं. "थ्या चष्मेवाल्या बुढ्यानं इचारलं, घरी कोणती भाषा बोलता? म्या म्हटलं, मराठी, साहेब. थो म्हणे, गोंडी येत नाई का? म्या म्हटलं, नाई साहेब, आता घरी कोणी बोलत नाई."

मी उभाच राहिलो. "असं का म्हटलंस?"

"असं काऊन म्हंजे? कागदावर नाई तं तोंडावर कायले आणू? खोटा पडलो असतो ना. तूच तं सांगत राह्यते, कागद अन् तोंड एक पाह्यजे म्हणून." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून जरा घाबरून म्हणाला, "बरोबर बोललो ना बे?"

"बरोबर बोललास," मी म्हटलं.

नेमणुकीचा कागद मला आला. त्याला छापील चिठ्ठी. मी पेढे घेऊन त्याच्या गावी गेलो. त्यानं पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, "लागनच होती तुले. तुमच्या लोकाइचं काम होतेच. आमचं कोण इचारते?"

मी भांडलो. चक्क चिडून भांडलो, की जातीचा काही संबंध नाही, मला मेहनतीनं मिळाली. इतका जोरात बोललो की त्याची माय आतून बाहेर आली आणि मला पाणी दिलं, तेच वाक्य म्हणत. त्या माउलीला काय ठाऊक, तिच्या याच वाक्यावर मला नोकरी लागली होती. मी पाणी प्यालो.

नोकरीत पहिल्याच आठवड्यात उघडा पडलो. एका गोंडाच्या घरात म्हातारी काहीतरी सांगत होती, पोटाला हात लावून, भरभर, आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. मी फॉर्मवर अंदाजानं खूण केली. तिला काय दुखत होतं ते मला आजही ठाऊक नाही. असे किती फॉर्म मी भरले! वाचता-लिहिता येणाऱ्या तीनही भाषा तिथे काही कामाच्या नव्हत्या.

मग मी त्यालाच सोबत नेऊ लागलो. तोवर तो आर्वीच्या एका कापसाच्या जिनात हमाली करत होता. रविवारी सुटी असली की यायचा. म्हातारी बोलायची, तो मराठीत सांगायचा, मी लिहायचो.

"तुले गोंडी येत नाई अन् तुलेच काऊन धाडलं इकडं?" त्यानं एकदा विचारलं.

"नोकरी आहे. धाडतील तिकडे जायचं."

"अक्कल पाय या लोकाइची!" तो हसला. "अबे, साहेबाले सांगून मले ठेव ना मंग. फुकट तुया दुभाषा होऊन राह्यलो."

"जागा नाही," मी म्हटलं. विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर साहेबांनी म्हटलं असतं, तुम्हाला तर गोंडी येते ना? वर्षाच्या शेवटी माझ्या शेऱ्यात साहेबांनी लिहिलं होतं, स्थानिक बोलीवर प्रभुत्व. तो शेरा अजून फाईलमध्ये आहे. त्यावरच पुढे मला बढती मिळाली, वर्ध्याला बदली झाली, नालवाडीत घर झालं. सांगायचं ठरवून मी तीन-चारदा आर्वीला गेलो. दर वेळी त्यानं चहा मागवला, जिनातल्या मुकादमाच्या नकला केल्या, आणि मी पुढच्या एसटीनं परत आलो. ह्या न सांगण्याचा मला स्वतःचाच इतका वीट आला की नंतर जाणंच कमी केलं.

गेल्या वर्षी तो नालवाडीला घरी आला. सोबत त्याची पोरगी, तीच, दोन वर्षांची असताना माझ्या तोंडच्या गोंडीला हसणारी. आता दहावी झालेली. तिला नर्सबाईच्या ट्रेनिंगचा फॉर्म भरायचा होता.

"तुयाच हातचा पाह्यजे," तो म्हणाला. "आमच्या हातचं वाकडं होते."

छापील फॉर्म होता. मी पेन काढलं. नाव, जन्मगाव, शिक्षण. मग आली अवगत भाषा. मी मराठी लिहिलं, हिंदी लिहिलं, आणि त्याला न विचारता खाली गोंडी लिहिलं. मोठ्या, सुवाच्य अक्षरात. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी का होईना, ओळ जागेवर गेली.

पोरगी वाकून बघत होती. "काका, हे काऊन लिहिलं? मले नाई येत गोंडी."

मी त्याच्याकडे पाहिलं.

"नाई येत थिले," तो म्हणाला. "म्याच बंद केली घरात. तुले आठवते ना, वर्ध्याच्या मुलाखतीले आपण गेलतो? थ्याच्या आंधी, कागद बसवताना, गोंडी शोभत नाई म्हणे तू. मुलाखतीहून आलो थ्याच दिवशी घरी जाऊन बायकोले सांगून टाकलं, पोट्टीसंग मराठीतच बोलजो. माय बोले थिच्यासंग, तं थिलेबी दटावलं. बुढी चिडली होती माह्यावर. मरेपर्यंत नातीसंग जास्ती बोललीच नाई, थिले मराठी जमे कुठं? पण पाय, पोट्टी मराठीत वर्गात पयली आली. तुये उपकार हायेत, गड्या."

तो हे मनापासून म्हणत होता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी तो शब्द खोडला. एक आडवी रेघ, मग दुसरी, मग नुसत्या रेघोट्या.

"अबे, खाडाखोड झाली ना!" तो म्हणाला. "तू अन् खाडाखोड?"

"उद्या नवा फॉर्म आणतो," मी म्हटलं. बायकोनं चहा आणला. पोरगी चांगलं, स्वच्छ मराठी बोलत होती. तिच्या आजीचं ते वाक्य मला अजून पाठ आहे, हेलासकट. ते वाक्य मला येतं आणि त्या पोरीला येत नाही. मी बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवा फॉर्म आणला, भरला, पाठवला. भाषा दोनच. तिला बोलावणं आलं, ती ट्रेनिंगला गेली, एवढं एक बरं झालं. खोडलेला फॉर्म मी फाडला नाही. कपाटात, त्या शेऱ्याच्या फाईलजवळ ठेवला आहे.

एक ओळ मी त्याची घेतली आहे. जाहिरातीत खाली काय लिहिलं होतं आणि मी त्याला काय वाचून दाखवलं, हे त्याला तोंडानं सांगायचं देणं मी लागतो, आणि त्याच्या पोरीलाही. अजून सांगितलेलं नाही.